‘मॅडम, उचलून न्या ना!’

माझे बॅचमेट्स सध्या ‘सेटल’ झालेत. कुणी पुण्यात, कुणी बंगळूरुला. व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’, ‘कन्सल्टंट’ वगैरे. माझ्या ओळखपत्रावर लिहिलंय, ‘प्राणी कल्याण अधिकारी’. माहेर लातूर, शिक्षण उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात, मुक्काम पोस्ट नांदेड. एका संस्थेतर्फे शहरातल्या प्राण्यांचं काम बघते. हे ऐकलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘म्हणजे कुत्रे पकडता?’ आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, ‘पगार देतात ना पण?’ लातूरची मावशी तर अजून विचारते, ‘नेमकं काय करलालीस गं तिथं?’

तर मावशी, ऐक. नाव भारी असलं तरी अधिकार बेताचेच आहेत. माझ्याकडे ना वर्दी, ना काठी. गुन्हा नोंदवायचा तो पोलिसांनी. मी बघायचं, औषधपाणी करायचं, नोंद ठेवायची आणि बोलायचं. खूप बोलायचं! सकाळी सहापासून फोन सुरू होतो. कुत्रं, गाय, गाढव, माकड... पत्ता दरवेळी वेगळा, वाक्य मात्र एकच. ‘मॅडम, उचलून न्या ना!’

आणि कुत्र्याच्या बाबतीत माझं उत्तरही ठरलेलं. ‘नेते, पण परत आणून इथंच सोडणार बरं का!’ पलीकडे एकदम शांतता.

यात माझा हट्ट नाही, नियमच तसा आहे. २००१ साली भटक्या कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. गाभा तोच राहिला. कुत्रं पकडायचं, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस द्यायची, ओळख म्हणून कानावर खूण करायची आणि जिथून उचललं त्याच गल्लीत सोडायचं. का? कारण कोपऱ्यावरचा उकिरडा तिथंच असतो. जुनी कुत्री हलवली की चार दिवसांत नवी येतात, तीही बिनलशीची. एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते. म्हणजे कानावर खूण असलेलं ते कुत्रं तुमच्या गल्लीचा बिनपगारी वॉचमनच समजा!

ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. ‘आता तरी न्याल ना?’ ११ तारखेचा तो आदेश २२ ऑगस्टला बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेलं कुत्रं त्याच भागात सोडायचं. रेबीज झालेलं, तशी शंका असलेलं किंवा अंगावर येणारं मात्र सोडायचं नाही. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातल्या कुत्र्यांसाठी वेगळा आदेश आला. ती उचलून निवाऱ्यात ठेवायची, तिथं परत सोडायची नाहीत. हे सगळं फोनवर समजावता समजावता चहा गार होतो, राव!

पण प्रत्येक फोन नियमांनी मिटत नाही. तरोडा भागातल्या एका काकूंनी मला सरळ विचारलं होतं, ‘तुम्हाला लेकरू आहे का मॅडम?’ त्यांच्या नातवाच्या पिंढरीवर दात उमटले होते. अशा वेळी मी नियमांचं नावही काढत नाही. एवढंच विचारते, जखम धुतली का? साबण आणि वाहत्या पाण्यानं, पंधरा मिनिटं? लस सुरू केली का? कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. त्या काकूंच्या गल्लीत आम्ही दुसऱ्या दिवशी जाळी घेऊन पोचलो. चावणारं कुत्रं निगराणीखाली ठेवलं, बाकीच्यांना लस दिली. काकू अजूनही माझ्यावर पूर्ण खूश नाहीत. पण ‘कान कापलेलं’ आणि ‘न कापलेलं’ कुत्रं आता त्या लांबून ओळखतात आणि नवं दिसलं की पहिला फोन त्यांचाच येतो!

आता गाढवांचं ऐका. १९६५ च्या नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो ओझं लादता येतं. ओझ्याच्या जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम बंद. एप्रिल-मे महिन्यातलं नांदेड डोळ्यांपुढं आणा... ३७ अंश आमच्याकडे ‘आज जरा बरंय’ असतं! एक वीट तीन किलोची धरली, तर ५० किलो म्हणजे फक्त सोळा विटा. हे मी एका गाढववाल्या मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘सोळा विटांत माझंच पोट भरंना, त्याचं कसं भरू?’

काय उत्तर देणार? तक्रार करता येते. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये! एवढ्यात आमच्या कॅफेतली साधी कॉफीही येत नाही. (जनावर ठार मारलं किंवा जायबंदी केलं तर गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.) मामांना पन्नास रुपये दंड झाला असता, तर तो वसूल करायला गाढवावर दोन विटा वाढल्या असत्या. म्हणून आम्ही सौदा केला. पाठीच्या जखमेवर मी मोफत मलमपट्टी करणार. मामा पाठीवर गोधडीची जाड घडी टाकणार, पहाटे पाचला कामाला लागणार आणि दुपारी गाढवाला सावलीत बांधणार. विटा अजून सोळा झाल्या नाहीत. बाविसावर आल्यात. जखम मात्र भरली.

सुट्टीत लातूरला गेले तरी सुटका नाही. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि भाजीच्या पाल्यामागं फिरणाऱ्या गाई कुठल्याही रस्त्यानं येऊ शकतात. पाल्याबरोबर कॅरीबॅगही पोटात जाते. ‘उचलून न्या’ म्हणणारे तिथंही भेटतात. पण त्यातल्या कितीतरी गाईंना मालक असतो, धार काढून झाली की तो गाय सोडून देतो. मग मी गाईला नाही, मालकाला शोधते.

याच लातुरानं २०१६ चा उन्हाळा पाहिलाय. मिरजहून रेल्वेनं पाणी यायचं. घागर घागर मोजून वापरायचो आम्ही. तरी आमच्या गल्लीत एका दारापुढं भांडी विसळलेलं पाणी जनावरांसाठी टोपल्यात ओतलेलं असायचं. त्या घरानं कुठलाही नियम वाचला नव्हता. माझ्या कामाची व्याख्या मला तिथं सापडते. प्राणी वाचवायचा म्हणजे दरवेळी त्याला उचलून न्यायचं असं नाही. तो आहे तिथं त्याला जगता आलं पाहिजे, आणि शेजारच्या माणसालाही निर्धास्त राहता आलं पाहिजे.

तुम्हाला काय करता येईल? फार नाही.

• कुत्र्यांना खाऊ घालत असाल तर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. शाळेच्या गेटसमोर नको.
• उरलेलं अन्न कॅरीबॅगेत बांधून फेकू नका.
• कुत्रं चावलं तर आधी साबण-पाणी, मग थेट दवाखाना. लसीचे सगळे डोस पूर्ण करा.
• गाय-म्हैस आजारी असेल तर १९६२ या टोल फ्री नंबरावर फोन करा.

आणि मला फोन कराल तेव्हा ‘उचलून न्या’ जरूर म्हणा. फक्त आठवडाभरानं ते कान कापून परत आलं, की त्याला ओळख द्या!