थॅलेसेमियाग्रस्त मुलांमधील लोहातिभार

थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रक्तविकारांत वारंवार रक्त चढवावे लागल्यामुळे मुलाच्या शरीरात लोहाचा जो अतिरिक्त साठा होतो, त्यास लोहातिभार असे म्हणतात. हे लोह औषधांच्या साहाय्याने मूत्र किंवा मल यांवाटे बाहेर काढण्याच्या उपचारास कीलेशन ही संज्ञा आहे. ती खेकड्याची नांगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली आहे. औषधाचा रेणू लोहाच्या अणूला नांगीप्रमाणे धरून ठेवतो, म्हणून हे नाव पडले. बीटा थॅलेसेमिया मेजर या विकारात रक्त चढवणे जितके आवश्यक, तितकाच हा उपचारही आवश्यक असतो.

कारण

निरोगी माणूस अन्नातून दररोज सुमारे १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषून घेतो आणि आतड्याच्या व त्वचेच्या झडणाऱ्या पेशींवाटे जवळपास तेवढेच गमावतो. जास्तीचे लोह उत्सर्जित करण्याची कोणतीही यंत्रणा मानवी शरीरात नाही. रक्ताच्या एका पिशवीतून मात्र सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलास साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. २० किलोग्रॅम वजनाच्या मुलास दर तीन आठवड्यांनी ३०० मिलिलिटर तांबड्या पेशी दिल्या, तर वर्षभरात त्याच्या शरीरात सुमारे ३ ग्रॅम लोहाची भर पडते. प्रौढ माणसाच्या संपूर्ण शरीरातील लोह ३ ते ४ ग्रॅम असते, हे लक्षात घेतल्यास या साठ्याची कल्पना येते. शिवाय या विकारात आतड्यातून होणारे लोहाचे शोषणही वाढलेले असते.

शरीरावरील परिणाम

रक्तातील लोह ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन वाहून नेते. त्याची क्षमता संपली की मोकळे लोह यकृत, हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथी यांच्या पेशींत शिरते व तेथे घातक मुक्त मूलके निर्माण करते. यकृतात तंतुमयता आणि पुढे सिऱ्होसिस होऊ शकतो. पीयूषिका ग्रंथीवर परिणाम झाल्यास उंची खुंटते आणि वयात येणे लांबते. मधुमेह तसेच अवटू व परावटू ग्रंथींची न्यूनता हेही परिणाम आढळतात. हृदयाच्या स्नायूत साचलेले लोह सर्वांत धोकादायक ठरते. कीलेशन उपलब्ध नव्हते त्या काळी नियमित रक्त मिळणारी मुलेही बहुधा वयाच्या दुसऱ्या दशकात हृदयविकाराने दगावत असत.

लोह वर्षानुवर्षे निमूटपणे साचते. मूल हसतेखेळते दिसत असताना हृदयात साठा होत असू शकतो. त्यामुळे लक्षणांची वाट न पाहता तपासण्यांवर विसंबणे भाग असते.

मोजमाप

रक्तातील फेरिटिनची तपासणी साधारणतः दर तीन महिन्यांनी केली जाते. ही तपासणी स्वस्त व सोयीची असली, तरी संसर्ग किंवा यकृतदाह असताना फेरिटिन वाढते. म्हणून एकाच आकड्यापेक्षा अनेक महिन्यांचा कल पाहिला जातो. अवयवांतील लोह एमआरआयने मोजता येते. हृदयाच्या तपासणीत टी-टू-स्टार हे मूल्य २० मिलिसेकंदांहून कमी असल्यास लोह साचल्याचे व १० हून कमी असल्यास धोका गंभीर असल्याचे मानतात.

उपचार

एकदोन अपवाद वगळता रक्त काढून टाकून लोह कमी करण्याचा मार्ग येथे चालत नाही, कारण मुलास आधीच रक्ताची उणीव असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी झालेल्या मुलांत मात्र तो अवलंबता येतो. इतरांना औषधे द्यावी लागतात. सुमारे १० ते २० वेळा रक्त दिल्यानंतर किंवा फेरिटिन १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेल्यावर, बहुधा वयाच्या दोन वर्षांनंतर, उपचार सुरू होतो.

डेफेरॉक्सामीन – हे औषध स्ट्रेप्टोमायसेस पायलोसस या जीवाणूपासून मिळाले व १९६० च्या दशकात वापरात आले. ते तोंडावाटे नीट शोषले जात नाही आणि रक्तात थोडाच वेळ टिकते. त्यामुळे लहानशा पंपाला जोडलेल्या त्वचेखालील सुईतून ते रात्री ८ ते १२ तास, आठवड्यातून ५ ते ७ रात्री द्यावे लागते. मात्रा अधिक झाल्यास श्रवण, दृष्टी व हाडांची वाढ यांवर परिणाम होतो.

डेफेरिप्रोन – तोंडाने घ्यावयाचे हे औषध दिवसातून तीनदा देतात. हृदयातील लोह काढण्यात ते विशेष उपयुक्त आहे. युरोप-अमेरिकेच्या आधी, १९९० च्या दशकाच्या मध्यास, त्याला भारतात मान्यता मिळाली. काही रुग्णांत श्वेतपेशी एकाएकी अतिशय घटतात, म्हणून त्यांची नियमित गणना करावी लागते. ताप आल्यास औषध थांबवून तत्काळ रक्त तपासून घ्यावे लागते.

डेफेरासिरॉक्स – २००५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध दिवसातून एकदाच तोंडाने घेतात. मूत्रपिंड व यकृत यांच्या कार्याची नियमित तपासणी आवश्यक असते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडल्यास मूत्रपिंडाला धोका संभवतो. अशा वेळी औषध चालू ठेवावे की नाही, हे डॉक्टरांना विचारावे लागते.

साठा फार असल्यास दोन औषधे एकत्रही दिली जातात.

उपचारातील सातत्य

हा उपचार आयुष्यभराचा असतो. औषध चुकल्याचा त्रास लगेच जाणवत नाही. म्हणूनच ते चुकवणे सोपे जाते. विशेषतः किशोरवयात सुई व पंप नकोसे होतात आणि सोबत्यांहून वेगळे दिसण्याचा संकोच वाटतो. मुलाला समजेल अशा भाषेत कारण सांगणे आणि हळूहळू औषधाची जबाबदारी त्याच्याकडे सोपवणे लाभदायक ठरते.

आहार

फिकट दिसणाऱ्या मुलास लोहाचे टॉनिक देण्याचा समज या विकारात अपायकारक आहे. जेवणासोबत घेतलेला चहा लोहाचे शोषण कमी करतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत, कारण त्यांमुळे मोकळे झालेले लोह हृदयास इजा करू शकते. केवळ पथ्याने मात्र रक्तावाटे आलेले लोह बाहेर पडत नाही.

भारतातील संदर्भ

भारतात सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादी समाजांत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते. विदर्भ व नंदुरबार भागातील आदिवासी समाजांत सिकलसेल विकार आढळतो. त्यातील ज्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांनाही लोहातिभाराचा धोका असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमिया व सिकलसेल या दोन्ही विकारांचा समावेश आहे. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल रोगग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे विवाहापूर्वी किंवा गर्भारपणाच्या प्रारंभी रक्ततपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. दरवर्षी ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन म्हणून पाळला जातो.