तारीख पेलवेना तेव्हा

समजा, पाचूबंदरात वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बाईचा घरजागेचा दावा वसईच्या दिवाणी न्यायालयात आहे. वकील नाही, आणि नैराश्यामुळे उंबरा ओलांडवत नाही. दावा आपोआप थांबत नाही, तहकुबीचा अर्ज द्यावा लागतो. सोबतच्या दाखल्यात नुसते ‘आजारी’ नको; कागद समजणे, बोलणे का जमत नाही आणि किती आठवडे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मर्यादा तीन तहकुब्यांची आहे. पण कारण खरोखर हाताबाहेरचे असेल तर ती सैल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले.

दुखणे लांबले तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२, नियम १५. स्वतःचे हित जपता येत नाही असे न्यायालयाला चौकशीत दिसले, की तिच्या वतीने वादमित्र किंवा पालक उभा राहतो. न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याला तडजोड करता येत नाही. असा वादमित्र मिळण्यासाठी आधी ‘वेडी’ ठरावे लागत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण या शब्दाच्या धास्तीनेच माणसे गप्प बसतात.

स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो : तालुका विधी सेवा समिती किंवा १५१००. मनाच्या आधारासाठी टेली-मानस, १४४१६.