कोरडी गळती

जुना ट्रक चालता चालता बंद पडू लागला आणि उभा केल्यावर चेसिसखाली डिझेलचे थेंबही दिसू लागले, की ही दोन वेगळी दुखणी आहेत असे धरून कामाला सुरुवात होते. गळतीसाठी नट आवळले जातात आणि बंद पडण्यासाठी पंप उतरवून पंपवाल्याकडे धाडला जातो. टाटाच्या ६९२ किंवा ६९७ इंजिनांच्या गाड्यांमधली डिझेलची वाट टाकीपासून नोझलपर्यंत तपासली, तर ही विभागणी टिकत नाही. या गाड्यांत गळणे आणि बंद पडणे ही बहुधा एकाच दोषाची दोन रूपे असतात, आणि इंजिन बंद पाडणारी गळती सहसा कोरडी असते.

या इंजिनांचे मूळ जर्मन आहे. टाटांच्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी हातमिळवणी केली आणि १९६९ मध्ये करार संपला तरी त्या घडणीची इंजिने पुढे दशकानुदशके बनत राहिली. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर. ६९७ मध्ये तो ९७ झाला आणि इंजिन पावणेसहा लिटरच्या आसपास गेले. इंजेक्शन पंप बहुतेक बेंगळुरूच्या मायकोचा, पूर्णपणे यांत्रिक. निदानाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. असे इंजिन एकदा सुरू झाले की चालत राहायला त्याला वीज लागत नाही. हवा, कॉम्प्रेशन आणि डिझेल एवढेच लागते. इंजिनाचे कॉम्प्रेशन घाटात अचानक नाहीसे होऊन पंधरा मिनिटांनी परत येत नाही. हवेची वाटही तशी लपाछपी खेळत नाही. म्हणून येऊन-जाऊन असणारा दोष, स्टॉप वायर अडकलेली नाही एवढे पाहून झाले, की डिझेलच्या वाटेवरच शोधायचा.

त्या वाटेवर दाबाचे तीन टप्पे आहेत. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढले जाते, म्हणजे तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. फीड पंपापासून फिल्टरमधून इंजेक्शन पंपापर्यंत तो साधारण एक-दोन बार असतो. पुढे नोझल उघडायलाच दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात सांधा सैल झाला तर चालू इंजिनात डिझेल बाहेर येते. ते दिसते, त्याचा वास येतो. पहिल्या टप्प्यात मात्र चालू इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. शहाळ्यातल्या नळीला बारीक भेग पडली की पाण्याबरोबर हवाच तोंडात येते, तसे हे आहे. पंपात पोचलेला बुडबुडा प्लंजरखाली नुसता दबतो, दाब चढत नाही, नोझल उघडत नाही. गाडी आधी मिस मारते आणि मग बंद पडते. मिस्त्री एअर काढतो, गाडी चालू होते, आणि भेग तशीच राहते.

आता हीच भेग गाडी उभी असताना काय करते ते पाहावे. टाकीतली पातळी भेगेच्या वर असेल तर तिथून थेंब पडतात. पातळी खाली असेल तर पाइपातले डिझेल टाकीकडे उतरते, त्याच्या जागी हवा भरते आणि सकाळी सेल्फ मारून बॅटरी बसते. टाकी काठोकाठ भरलेली असताना ओढ कमी लागते, म्हणून दोष लपतो. टाकी अर्ध्यावर आली आणि कसारा घाटासारख्या चढावर लोड घेऊन गाडी लागली, की तो उघडा पडतो. टाकीच्या आतल्या ओढपाइपाला चीर असेल तर पातळी त्या चिरेखाली गेल्याशिवाय लक्षणच दिसत नाही. गळणे आणि बंद पडणे एकच कसे, ते इथे दिसते.

तपासही त्याच क्रमाने व्हायला हवा. प्रथम टाकीचे झाकण. त्याचे हवेचे छिद्र मातीने बुजले तर टाकीत पोकळी वाढत जाते आणि गाडी तासाभराने बंद पडते. झाकण उघडताना हवा सूं करून आत गेली तर उत्तर सापडले. नंतर फीड पंपाची जाळी. मग फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा बसवून त्यातले बुडबुडे पाहावेत. शेवटी टाकीच बाजूला ठेवावी: स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर बांधून नळी थेट फीड पंपाला जोडावी. गाडी त्यावर नीट चालली तर पंप निर्दोष आहे आणि दोष मागे आहे. या चाचणीला खर्च जवळपास नाही, आणि पंप उतरवण्याआधी ती न करणे मला गाडीमालकावर अन्याय वाटतो.

यावर आक्षेप येतो की ट्रक उभा राहिला म्हणजे रोजगार बुडाला. एवढी तपासणी करत बसण्यापेक्षा पंपच बदललेला बरा. पण पंप उतरवून, बसवून, टायमिंग जुळवण्यात जास्तच वेळ जातो. शिवाय या कामात सगळ्या लाइनची एअर निघते, त्यामुळे काही दिवस गाडी ठीक चालते आणि पंपच खराब होता असा चुकीचा पुरावा तयार होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जुने पंप खरोखरच झिजतात. प्लंजर आणि बॅरलमधली फट काही मायक्रॉनचीच असते. ती वाढली की गरम, पातळ झालेले डिझेल आतल्या आत निसटते. पण त्या दोषाची चाल वेगळी आहे. थंड गाडी बरी चालते, तापल्यावर उभी केली तर पुन्हा चालू व्हायला त्रास देते, आणि टाकी भरलेली आहे की अर्धी याने काही फरक पडत नाही. इंजिनाच्याच ऑइलने वंगण मिळणाऱ्या पंपांत फीड पंपाचा दांडा किंवा प्लंजर झिजले तर डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी वाढते आणि डिझेलचा वास येतो. ही गळतीही जमिनीवर पडत नाही, आणि ती बेअरिंग खाते. असे दिसले तर पंप जरूर उतरवावा.

दिसणाऱ्या ओल्या गळतीत दोन गोष्टींकडे दुर्लक्ष होते. बँजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर एकदा दबले की कडक होतात. तेच पुन्हा लावून जोर देत आवळले तर सांधा बंद होत नाही आणि आटेच जातात. नवे लावावेत, निदान लाल तापवून मऊ करावेत. दुसरी गोष्ट रबराची. जुन्या डिझेलमधल्या अ‍ॅरोमॅटिक घटकांनी वर्षानुवर्षे फुगलेले सील त्या घटकांचे प्रमाण कमी असलेल्या डिझेलमध्ये आकसतात. गंधक काढताना हे घटकही कमी होतात; अमेरिकेत १९९३ मध्ये कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांच्या सीलमधून गळती झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आपल्याकडे २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचे डिझेल आहे. त्यामुळे चाळीस वर्षांच्या पंपाचे सील न फाटताही गळू शकतात, आणि तिथे नट आवळून उपयोग नाही. नोझलच्या पाइपाची गळती मात्र कधीही बोटाने चाचपू नये. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. इंजिन चालू असताना पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरला तर धार त्यावर उमटते.

या सगळ्या तपासाला लागणारी निम्मी माहिती ड्रायव्हरकडे असते: बंद पडली तेव्हा टाकीत डिझेल किती होते, चढ होता की सपाटी, गाडी तापलेली होती का, मरण्याआधी मिस मारली की एकदम मेली, थोडे थांबल्यावर एअर न काढताच चालू झाली का. एअर न काढता चालू झाली तर झाकण आणि जाळी आधी; हँड पंप मारल्याशिवाय हललीच नाही तर ओढीच्या पाइपात हवा शिरते आहे. पाना हातात घेण्यापूर्वी हे प्रश्न विचारले, तर बहुतेक वेळा पंपाच्या नटांना हात लावावाच लागत नाही.