मोजायचे काय?

समजा, आपल्या शाळेत आठवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर गणिताचा जादा तास घ्यायचे ठरले आहे. शिक्षक एकच असल्यामुळे दोनच मुलांकडे नीट लक्ष पुरवता येईल. नावे मात्र सहा मुलांची पुढे आली आहेत. यातून दोन कशी निवडायची?

एक शिक्षिका म्हणतात, "जो शंका विचारायला जास्त वेळा येतो, त्याला मदतीची गरज जास्त." त्यांनी महिनाभर तशी नोंद ठेवली. दुसरे शिक्षक म्हणतात, "एक चाचणी घेऊ या, ज्यांना सर्वांत कमी गुण मिळतील ती दोन मुले घेऊ या." दोन्ही नोंदी अशा झाल्या :

क – शंका १२ वेळा, ५० पैकी गुण ३४
ख – शंका ९ वेळा, गुण २८
ग – शंका ७ वेळा, गुण १९
घ – शंका २ वेळा, गुण ११
च – शंका १ वेळा, गुण १४
छ – शंका ४ वेळा, गुण २३

पहिल्या पद्धतीने क आणि ख यांची निवड होते, तर दुसऱ्या पद्धतीने घ आणि च यांची. शंका विचारायला धीर लागतो, वेळ लागतो आणि थोडे तरी समजलेले असावे लागते. घ आणि च येत नाहीत, ते त्यांना शंका नाहीत म्हणून नव्हे. कोणाला काय विचारावे हेच कळत नसेल, तर कोणाला शाळा सुटताच धाकट्या बहिणीला घेऊन घर गाठायचे असेल.

दोन्ही याद्यांत आकडेमोडीची चूक कोठेही नाही. फरक पडला तो काय मोजायचे याच्या निवडीमुळे. आज मोठमोठ्या कंपन्या, बँका आणि रुग्णालये संगणकाकरवी हीच निवड कोट्यवधी माणसांच्या बाबतीत करत असतात. हे काम शिकवणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम आता जगभर निघाले आहेत. ख्रिस्ती विचारावर उभ्या असलेल्या काही संस्था या अभ्यासक्रमाला नीतिशास्त्राची जोड देतात. ही जोड कशासाठी, हे या लेखात समजून घेऊ या.

दुकानदाराची वही

या विषयाला 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' म्हणतात. नाव नवे असले तरी काम जुने आहे. आपल्या गल्लीतला किराणा दुकानदारही ते करतो. गेल्या श्रावणात साबुदाणा किती खपला, हे तो वहीत पाहतो. त्यावरून यंदा किती खपेल याचा अदमास बांधतो आणि मग किती पोती मागवावीत हे ठरवतो. म्हणजे त्याचे तीन प्रश्न असतात : काय घडले, काय घडेल आणि काय करावे?

अभ्यासक्रमाची मांडणी साधारणपणे याच तीन प्रश्नांभोवती असते. पहिल्यासाठी नोंदी साठवण्याची व आलेखांतून मांडण्याची तंत्रे शिकवतात. दुसऱ्यासाठी संभाव्यता, सहसंबंध आणि पूर्वीच्या नोंदींवरून पुढचे भाकीत करणारी संगणकीय पद्धती. तिसऱ्यासाठी, दिलेल्या मर्यादांच्या आत नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी कसा करावा याचे गणित. पुष्कळ ठिकाणी शेवटी एखाद्या खऱ्या उद्योगाच्या नोंदींवर प्रकल्प करावा लागतो. अमेरिकेतील नोटर डेम आणि व्हिलानोव्हा ही दोन्ही कॅथलिक विद्यापीठे १८४२ साली स्थापन झाली. तेथे आज या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.

आता तिसरा प्रश्न पुन्हा वाचा : काय करावे? 'करावे' या शब्दात हेतू आला. नफा वाढवायचा की दुखणे कमी करायचे, कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, हे नोंदवहीतून निघत नाही. ते माणसाने ठरवून संगणकाला सांगावे लागते. नीतिशास्त्र अभ्यासक्रमात शिरते ते या ठिकाणी.

एडिंबरोचे दोन धर्मोपदेशक

धर्म आणि आकडेशास्त्र यांची गाठ काही आज पडलेली नाही. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील चर्चचा धर्मोपदेशक वारला, की त्याच्या बायकामुलांवर मोठा प्रसंग ओढवे. वेतन थांबे आणि राहते घरही नव्या धर्मोपदेशकाला द्यावे लागे. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेबस्टर या दोन धर्मोपदेशकांनी यावर उपाय शोधला. प्रत्येकाने दरवर्षी थोडी रक्कम भरायची, ती गुंतवायची आणि तिच्या उत्पन्नातून विधवांना ठरावीक वर्षासन द्यायचे.

पण वर्गणी किती ठेवावी? कमी ठेवली तर निधी बुडणार, जास्त ठेवली तर भरणाऱ्यांचे हाल. वेबस्टर व वॉलेस यांनी देशभरच्या चर्चमधून नोंदी मागवल्या. त्यावरून असे दिसले, की सुमारे ९३० धर्मोपदेशकांपैकी वर्षाला सरासरी २७ जण मरण पावतात आणि त्यांपैकी १८ जणांच्या मागे विधवा राहतात. धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेले एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेसलाऊ शहरातील मृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक केले होते. त्याचाही उपयोग झाला. एडिंबरो विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांनी आकडेमोड तपासली. १७४४ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने निधी सुरू झाला. १७६५ साली निधीत ५८,३४८ पौंड असतील असे भाकीत केलेले होते. प्रत्यक्षात ५८,३४७ पौंड निघाले!

एका पौंडाच्या फरकाचे आपल्याला कौतुक वाटते आणि ते वाटावेच. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. या मंडळींना विधवांना मदत करायची होती आणि त्यांनी मोजल्या त्या विधवाच. हेतू आणि माप यांच्यामध्ये तिसरे काही नव्हते.

बदली माप

आताच्या व्यवहारात हे इतके सरळ राहत नाही. जे हवे असते ते मोजणे अवघड असते, म्हणून त्याच्या जवळपासचे काहीतरी मोजतात. वर्गावर बदली शिक्षक पाठवावा तसेच हे. म्हणून आम्ही त्याला 'बदली माप' म्हणतो. शिक्षिकेने गरजेऐवजी शंकांची संख्या मोजली, ते बदली मापच होते. याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, हे अमेरिकेतील एका उदाहरणावरून कळेल.

तेथील रुग्णालये मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार अशा जुनाट आजारांच्या रुग्णांसाठी खास योजना चालवतात. वेगळ्या परिचारिका, घरी फोन करून विचारपूस, डॉक्टरांची लवकर भेट असे त्यांचे स्वरूप असते. जागा थोड्या असल्याने रुग्ण निवडण्यासाठी संगणकीय पद्धत वापरतात. ती प्रत्येक रुग्णाला एक गुणांक देते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात अशा एका पद्धतीची तपासणी प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी एका मोठ्या रुग्णालयातील ६,०७९ कृष्णवर्णीय आणि ४३,५३९ गौरवर्णीय रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या.

त्यांना काय आढळले? गुणांक सारखाच असलेल्या दोन रुग्णांत कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी असे. सर्वांत वरचा गुणांक असलेल्या ३ टक्के रुग्णांना योजनेसाठी आपोआप निवडत. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्के होते. आजाराच्या मानाने निवड झाली असती तर ते ४६.५ टक्के झाले असते.

संगणकाला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. मग हा भेद आला कोठून? तर पद्धतीने 'आजार किती' हे मोजलेच नव्हते. 'पुढच्या वर्षी या रुग्णावर किती खर्च होईल' हे मोजले होते. जो जास्त आजारी त्याच्यावर खर्च जास्त, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. परंतु खर्च होण्यासाठी आधी रुग्णाने दवाखान्यापर्यंत पोचावे लागते. कामावरून रजा नाही, जायला वाहन नाही, डॉक्टर आपले ऐकून घेतील असा भरवसा नाही, अशा माणसाच्या नावावर खर्च कमीच पडतो. आजार तेवढेच असूनही कृष्णवर्णीय रुग्णावर वर्षाला सरासरी १,८०१ डॉलर कमी खर्च झाला होता. संगणकाने खर्चाचे भाकीत बरोबरच केले. त्या भाकिताला 'गरज' म्हटले गेले, तेथे चूक झाली.

घ आणि च यांची गोष्ट ती हीच. फक्त येथे गुणांऐवजी जीव पणाला लागलेला होता.

पद्धत तयार करणाऱ्या कंपनीबरोबर काम करून या संशोधकांनी बदली माप बदलून पाहिले. नुसत्या खर्चाऐवजी आजार आणि खर्च यांचा एकत्र विचार करताच हा भेद ८४ टक्क्यांनी कमी झाला. संगणक तोच आणि नोंदीही त्याच होत्या. विचारलेला प्रश्न तेवढा बदलला.

ख्रिस्ती विचार काय सांगतो?

माणूस देवाच्या प्रतिमेनुसार घडवलेला आहे, म्हणून प्रत्येकाचे मोल सारखे, हे ख्रिस्ती नीतिविचाराचे मूळ सूत्र. विश्लेषकाच्या कामातील चार पायऱ्यांवर त्याचा अर्थ काय होतो, हे बायबलमधील चार प्रसंगांवरून दाखवता येते.

पहिली पायरी, मोजण्याचा हेतू. दावीद राजाने लढवय्यांची शिरगणती करवली, तेव्हा त्याचा सेनापती यवाब याने "हे कशासाठी?" असे विचारले. राजाने ऐकले नाही, पुढे मात्र त्याला पश्चात्ताप झाला. याच बायबलमध्ये 'गणना' नावाचे एक पुस्तक आहे आणि त्यातील शिरगणती देवाच्या आज्ञेने होते. तेव्हा मोजणे वाईट नाही, पण यवाबाचा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

दुसरी पायरी, माप. पिशवीत जड आणि हलकी अशी दोन वजने बाळगू नयेत, असा दंडक अनुवाद या पुस्तकात आहे. रुग्णालयाच्या उदाहरणात वजन दिसायला एकच होते. दोन समाजांसाठी मात्र ते वेगवेगळे तोलत होते. म्हणून वजनावरचा शिक्का पाहून भागत नाही, प्रत्येक पारड्यात ते तोलून पाहावे लागते.

तिसरी पायरी, उद्दिष्ट. शेताच्या कडेचे पीक कापू नये, सांडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावीत, असे लेवीय पुस्तकात सांगितले आहे. गणिताच्या भाषेत ही उत्पन्नावर घातलेली मर्यादा झाली. उत्पन्न वाढवा, पण या मर्यादेच्या आत.

चौथी पायरी, चूक. शंभर मेंढरांपैकी एक हरवले, तर मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात निघतो, हा येशूचा दाखला प्रसिद्ध आहे. अहवालात आपण '९९ टक्के अचूक' असे लिहितो. उरलेले एक कोण आणि ते दर वेळी त्याच वस्तीतले का असते, हे विचारण्याची सवय हा दाखला लावतो.

अर्थात ८४ टक्के सुधारणेचे सूत्र कोणत्याही धर्मग्रंथात सापडणार नाही. ते सांख्यिकी आणि वैद्यक यांतूनच निघाले. हे प्रश्न विचारण्यासाठी ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही. प्रत्येक परंपरेत माणसाला आकड्यापेक्षा मोठे मानणारे विचार आहेत. २८ फेब्रुवारी २०२० रोजी रोममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयीचे एक आवाहन प्रसिद्ध झाले. त्यावर व्हॅटिकनच्या अकादमीबरोबर मायक्रोसॉफ्ट व आय. बी. एम. या कंपन्यांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनेही सह्या केल्या. पारदर्शकता, सर्वसमावेशकता, उत्तरदायित्व, निःपक्षपात, विश्वासार्हता आणि सुरक्षितता व खासगीपणा ही त्यातील सहा तत्त्वे कोणालाही मान्य व्हावीत अशीच आहेत.

धोका आहे तो दुसराच. नीतिशास्त्र हा वेगळा पेपर ठेवला, की विद्यार्थी तो पास होतात आणि संगणकासमोर बसताना विसरतात. बदली माप निवडतानाच तो प्रश्न उठला, तर जोड दिल्याचे सार्थक.

आपल्या जवळही अशा संस्था आहेत. जमशेदपूरची एक्स. एल. आर. आय. ही व्यवस्थापन संस्था जेझुइट धर्मगुरूंनी १९४९ साली काढली. गोव्यातील व्यवस्थापन संस्था १९९३ साली जेझुइट धर्मगुरू फादर रोमुआल्ड डिसोझा यांच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि तेथे मोठ्या प्रमाणावरील माहितीच्या विश्लेषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दहावी-बारावीनंतर या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना गणित आणि संगणकाबरोबर हेही सांगायला हवे, की या धंद्यात प्रश्न नीट विचारता येणे हे उत्तर काढण्याइतकेच मोलाचे कौशल्य आहे.

वर्गात करून पाहा

लेखाच्या सुरुवातीचा तक्ता फळ्यावर लिहा, पण गुणांचा रकाना झाकून ठेवा. मुलांना फक्त शंकांच्या संख्येवरून दोन नावे निवडायला सांगा. मग गुण उघड करा आणि निवड बदलावीशी वाटते का ते विचारा. त्यानंतर पुढचा प्रश्न : चाचणीचे गुण हेही बदली मापच नाही का? परीक्षेच्या दिवशी आजारी असलेल्या मुलाचे काय? आणखी कोणती नोंद हवी?

शेवटी प्रत्येक गटाला गावातली किंवा शाळेतली एक यादी शोधायला सांगा. बक्षिसाची, सवलतीची, मदतीची, कोणतीही चालेल. ती करताना काय मोजले, खरे काय मोजायचे होते आणि या दोहोंच्या मधल्या फटीतून कोण निसटले, हे त्यांनी लिहून आणावे. चर्चा रंगेल तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलांकडेही लक्ष असू द्या. तेथे एखादा घ किंवा च गप्प बसलेला असेल, आणि त्याच्या नावापुढे शंकांचा आकडा अजून एकच असेल.