वायसर, शिकंजा आणि नाटकाची रात्र

सकाळी ११:००
वडसा, जिल्हा गडचिरोली. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांचं हे ठाणं. दिवाळी झाली, धान कापून झालं, की इथल्या कंपन्यांच्या तारखा भरायला लागतात. होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतं.

आपला माणूस साउंडवाला. सकाळी सातला घरी आला, साडेतीन तास झोपला. आता अंगणात बारदान टाकून बसलाय. पुढ्यात काल रात्रीचे आठ स्टँड.

ॲम्प्लिफायर, भोंगे, मोठे बॉक्स डेकोरेशनवाल्या मालकाचे. ते चालवायचे त्याला रात्रीचे बाराशे. वाद्यांचे माईक, स्टँड, माईक धरायचे चिमटे मात्र त्याचे स्वतःचे. त्यांचं भाडं वेगळं, आठशे. त्यामुळे मालकाची वायर तुटली तर मालकाचं नुकसान. स्टँड मोडला तर याचं.

एका स्टँडची मूठ ढिली आहे. काल दुसऱ्या अंकात तबल्यावरचा माईक हळूहळू वाकत तबल्याला टेकला. तो मूठ खोलतो. आतला रबरी वायसर झिजून बिस्किटासारखा पातळ झालाय. सायकलची जुनी ट्यूब, कात्री, तापवलेला खिळा. दोन वायसर तयार. खर्च नाही. मूठ परत आवळतो, पण बेताने.

“जास्त आवळलं का आतले दाते मरतात,” तो मदतनीस पोराला सांगतो.
“मंग ढिलं पडलं तं, काकाजी?”
“मंग दांडी छोटी कर. दांडी जितकी लांब, तितका भार मुठीवर.”

दुपारी १२:३०
मागची खोली म्हणजे स्टुडिओ. दहा बाय आठ. तीन भिंतींना गोधड्या, दाराला रग. पंखा बंद. एक मास्तर प्रचाराचं रेकॉर्डिंग करायला आलेत. हेच रेकॉर्डिंग उद्यापासून ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव वाजेल. नाटकाचं नाव, तारीख, कलावंतांची यादी, तिकिटाचे दर, सगळं दीड मिनिटात.

टेबल शिलाई मशीनचं. त्याला शिकंज्याने माईकचा घडीचा हात बसवला होता. पहिल्या महिन्यात शिकंज्याने प्लायवूड चेपलं. मग खाली-वर लाकडाचे तुकडे दिले. तरी एक खोड राहिली. मास्तरांनी टेबलावर कागद उलटला की खड्‌खड् माईकमध्ये यायची. बोलताना त्यांना टेबलावर थाप मारायची सवय. टेबलाला धरलेला माईक टेबलाचं सगळं ऐकतो.

म्हणून आता आवाजासाठी जमिनीवरचा स्टँड, बिडाच्या जड गोल बुडाचा. बुडाखाली सतरंजीची घडी. माईकच्या पुढे कशिद्याच्या रिंगमध्ये ताणलेला पायमोज्याचा तुकडा. ‘प’, ‘फ’, ‘भ’चा वारा त्यात अडतो. घडीच्या हातावर आता मोबाइल लटकतो, यूट्यूबसाठी.

तिसऱ्या वेळी बरोबर झालं. पाचशे रुपये.

दुपारी २:००
चौकातलं इलेक्ट्रिकचं दुकान. दोन कामं आहेत, आट्यांचे तुकडे आणि कॅपो.

माईकच्या स्टँडला दोन मापांचे आटे येतात. एक पाच-अष्टमांश इंच, एक तीन-अष्टमांश. चिमटा बहुधा मोठ्या आट्याचा, दांडी कधी बारीक आट्याची. मधे पितळी तुकडा लागतो, बोटाच्या पेराएवढा. तो हरवला की हजाराचा स्टँड आणि दोन हजारांचा माईक एकमेकांकडे बघत बसतात. चाळीसला एक. चार घेतो.

दुकानदार नवा स्टँड पुढे करतो. “नऊशे. हलका आहे. न्यायला बरा.”
तो दांडी पूर्ण लांब करतो. टोकाला स्वतःचा माईक लावतो, वर दुचाकीच्या किल्ल्यांचा जुडगा. थांबतो. दांडी अर्ध्या मिनिटात दोन बोटं उतरते. सांधा प्लास्टिकचा.
“तो दाखवा जी.”
दुसऱ्याचा सांधा लोखंडी, पाय जाड. तोच माईक, तोच जुडगा. हलत नाही. सोळाशे.
“पाहू मंग,” म्हणतो आणि ठेवून देतो.

गिटारच्या तारा दाबून धरायचा कॅपो मात्र घ्यावाच लागतो. ब्रह्मपुरीचा गिटारवाला पोरगा आतापर्यंत पेन्सिल आणि रबरबँडवर भागवत होता. चिमट्यासारखा कॅपो, अडीचशे. तो स्प्रिंग दाबून बघतो, रबर नखाने चाचपतो. रबर कडक असेल तर तार खरखरते, स्प्रिंग फार जोराची असेल तर सूर चढतो. हा बरा आहे. पैसे गिटारवाल्याकडून घ्यायचे.

दुपारी ३:३०
गाडी भरणं. स्टँड आठ, चिमटे बारा, शिकंजे सहा, आट्यांचे तुकडे जुने पाच आणि नवे चार. पोरगा मोठ्याने मोजतो. वाळूच्या सहा पिशव्या सगळ्यात खाली.

वैनगंगेचा पूल, ब्रह्मपुरी, नागभीड. बांध्यांमध्ये धानाची धसकटं, त्यात लाखोरी उगवलेली. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी धान निवडून काढलं. नाव घड्याळावरून पडलं. पुढे रस्त्याला जंगल लागतं. ड्रायव्हर उजेडातच पोचायचं म्हणतो. इथे वाघ आहेत. नाटक रात्रभर चालतं त्यामागे हेही आहे. मध्यरात्री संपलं तर माणसं घरी जाणार कशी?

संध्याकाळी ६:००
सिंदेवाहीकडचं गाव. सकाळी इथे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला. बैल गेले, धूळ आहे. रंगमंच बल्ल्यांवर उभा. गावच्या मंडळाची पोरं वेळू घेऊन आली.

नटांसाठी माईक वरून टांगायचे. दोन टोकांच्या बल्ल्यांना शिकंजे, त्यांना ताणलेली तार, तारेला माईक. शिकंज्याखाली बारदानाची पट्टी, नाहीतर ओल्या लाकडावरून तो सरकतो. उंची ठरवायला पोराला खाली उभं करतो, हात वर करायला लावतो. त्याच्या बोटांच्या वर एक वीत.

पडद्याआड प्रॉम्प्टर बसणार. सीझनमध्ये नट आज एक नाटक करतो, उद्या दुसरं. प्रॉम्प्टरशिवाय गाडी चालत नाही. पण त्याचा आवाज नटाला ऐकू गेला पाहिजे, गावाला नाही. म्हणून विंगेजवळचा माईक चार फूट आत, तोंड मधोमध.

रात्री ८:००
वाद्यमेळ रंगमंचासमोर बसतो. ऑर्गनला आडव्या दांडीचा स्टँड. तबल्याला दोन बुटके. कीबोर्डखाली कैचीचा स्टँड, दुहेरी पट्ट्यांचा. एकेरी पट्टीचा झुलतो. वाजवणारा जोशात आला की कीबोर्ड त्याच्यापासून दूर पळतो. ऑक्टोपॅडला खालून प्लेट, प्लेटला क्लॅम्प, क्लॅम्प स्टँडला. त्याच्यावर रात्रभर काठ्या पडणार. त्याचे तिन्ही पाय पूर्ण फाकवून प्रत्येकावर वाळूची पिशवी.

आडव्या दांडीच्या स्टँडचा एक पाय नेहमी दांडीच्या खाली. पोरगा विसरतो. तो न बोलता स्टँड फिरवतो.

गिटारवाला कॅपो लावून बघतो. नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. पहिल्या फ्रेटच्या तारेला लागून, पण तिच्यावर न चढवता, कॅपो बसवला. सी-चा आकार धरला की काळी एक. जी-चा धरला की काळी चार. कॅपो न हलवता दोघांचं काम झालं. ऑर्गनमास्तर सूर देतात, गिटारवाला तारा पुन्हा जुळवतो. अडीचशे रुपये तिथल्या तिथे देतो.

रात्री ९:१५
मंडळाकडे जेवण. भात, वांग्याची भाजी, वरण. गप्पा परशुराम खुणे यांच्यावर येतात. झाडीपट्टीच्या या नटाला २०२३ साली पद्मश्री मिळाली.
“नटाले पद्मश्री भेटली जी,” साउंडवाला ताट धुताना म्हणतो. “माईकच्या दांड्याले काय भेटते?”
“वाळूची पिशवी,” ऑर्गनमास्तर म्हणतात.

रात्री १०:४५
नांदी. माणसं ब्लँकेटं घेऊन आलीत. त्याचा हात मिक्सरवर, नजर स्टँडवर.

रात्री १:१०
दव पडतंय. लोखंड हाताला चावतं. तबल्याची शाई ओलावते, सूर उतरतो, हातोडी निघते. तो माईकवरचे स्पंज बदलतो. जुने पोराच्या जर्किनमध्ये, सुकायला.

रात्री २:३०
लावणी. फळ्या दणदणतात. समोरचे दोन स्टँड फळ्यांवर नाहीत, मुद्दाम खाली जमिनीवर आहेत. दणदण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तेवढ्यात वारा येतो. पडदा फुगतो. ऑर्गनचा हलका स्टँड कलतो. साउंडवाला झेप घेतो, दांडी पकडतो. माईक वाचला, चिमटा तुटला. ऑर्गनमास्तरांचे पाय भात्यावर तसेच चालू. काळ्या चिकटपट्टीचे तीन वेढे. प्रेक्षक लावणी बघतायत.

पहाटे ५:१५
नाटक संपलं. माणसं उजाडायची वाट बघत शेकोट्यांपाशी बसतात. चहाच्या टपरीवर गर्दी. पोरगा मोजतो. स्टँड आठ. शिकंजे सहा. चिमटे अकरा आणि एक मोडका. आट्यांचे तुकडे आठ. एक कमी. मोबाइलच्या उजेडात दोघं गुडघ्यावर बसून धसकटं चाचपतात. दहा मिनिटांनी सापडतो, सतरंजीच्या घडीत.

सकाळी ६:००
मालकाच्या माणसाने पैसे दिले. बाराशे आणि आठशे, दोन हजार. पोराचे चारशे. पितळी तुकडे एकशे साठ. चहा-बिस्किटं साठ. नवा चिमटा सत्तर. उरले तेराशे दहा. रेकॉर्डिंगचे पाचशे धरून अठराशे दहा.

तो गाडीत पुढे बसतो. वळणावर थांबायला सांगून मागचे पाईप पुन्हा आवळतो.
“आज कोठची तारीख, काकाजी?”
“आरमोरीकडची. जवळ हाय.” मग थोडं थांबून, “दोनला दुकानात जाजो. त्या लोखंडी स्टँडचे आठशे देऊन ये. बाकीचे पुढच्या आठवड्यात देतो म्हन.”