केसाएवढ्या नळीतली कात्री

बालमित्रांनो, आपल्या खानदेशात पपईच्या बागा भरपूर. कच्च्या पपईला चीर दिली की पांढरा चीक गळतो, पाहिलाय ना? त्यात ‘पपेन’ नावाचं विकर असतं. मटण लवकर शिजावं म्हणून त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, तो या पपेनसाठीच! हे विकर म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री. आपल्या पोटातही अशा कात्र्या आहेत. जठरात पेप्सिन, लहान आतड्यात ट्रिप्सिन.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ. अख्खी माळ तपासणं अवघड. पण तिचे तुकडे केले, की बिघाड कुठं आहे ते सापडतं. १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी हेच केलं. निरोगी माणसाचं आणि सिकलसेलच्या रोग्याचं हिमोग्लोबिन त्यांनी ट्रिप्सिननं कापलं आणि तुकडे कागदावर पसरून ताडून पाहिले. सगळे सारखे, एकच वेगळा! पुढे कळलं, की १४६ मण्यांच्या माळेत फक्त सहावा मणी बदललेला आहे. एवढ्याशा फरकानं लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही. आपल्या शेजारी, सातपुड्याच्या पाड्यांवर, हा आजार आजही आढळतो.

असं कापण्याचं काम आता चिपवरही होतं. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या पट्टीत केसाएवढ्या बारीक नळ्या कोरतात. नळीच्या आतल्या बाजूला ट्रिप्सिन चिकटवतात. एका टोकानं प्रथिनाचा थेंब सोडायचा, दुसऱ्या टोकानं तुकडे बाहेर! परीक्षानळीत ज्याला अख्खी रात्र लागते, ते इथं काही मिनिटांत उरकतं. असं का? अहो, मोठ्या मैदानात मित्र शोधायला वेळ लागतो. अरुंद बोळात तो लगेच समोर येतो. तसंच हे!

मुंबईच्या आय.आय.टी.त डॉ. देबजानी पॉल यांच्या गटानं बारीक नळ्यांची चिप सिकलसेल ओळखण्यासाठी वापरली. तिच्यात प्रथिन कापत नाहीत, बरं का. रक्ताच्या थेंबातला प्राणवायू कमी करून पेशी वाकतात का, ते सूक्ष्मदर्शकातून पाहतात.

पालकहो, बदललेला मणी आई आणि वडील दोघांकडून आला, तर मुलाला हा आजार होतो. एकाकडूनच आला, तर मूल बहुधा ठणठणीत दिसतं, पण वाहक असतं. म्हणून तपासणी हवीच. आणि मुलांनो, शाळेत सिकलसेलची तपासणी आली तर बोट मागे घेऊ नका. टोचणं क्षणभराचं, माहिती जन्मभराची!