पंचाचे डोळे आणि कान

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथील अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत दुसरा आला. त्याची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद, तर पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूची ८ मिनिटे ११.१५ सेकंद. फरक केवळ ०.०५ सेकंदाचा! तो टिपण्यासाठी तेथे कॅमेरे होते. शाळेच्या मैदानावर कॅमेरे नसतात. मग इतक्या थोडक्या फरकाचा निर्णय पंच कसा देतो?

शालेय स्पर्धांत खेळला जाणारा बेसबॉल पाहा. चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या बेसकडे धावतो. त्याचा पाय बेसला लागण्यापूर्वी, बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाने चेंडू झेलला, तर फलंदाज बाद. पाय जमिनीवर, चेंडू मात्र छातीच्या उंचीवर! आपल्या डोळ्याला नजरेच्या मध्यभागातील लहानसा भागच अगदी स्पष्ट दिसतो. दोन्हीकडे एकाच वेळी नीट पाहणे अशक्य. म्हणून पंच डोळ्यांनी बेस पाहतो आणि ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा 'थप्' आवाज कानांनी टिपतो.

पण येथे एक अडचण आहे. प्रकाश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. ध्वनी मात्र उबदार हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटरच जातो. थोडे गणित करू. पंच बेसपासून ६ मीटरवर असेल, तर आवाजाला सुमारे ०.०१७ सेकंद लागतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात १४ सेंटिमीटर पुढे सरकतो. आता होम प्लेटजवळचा दुसरा पंच घ्या. तो सुमारे २७ मीटर दूर आहे. आवाज त्याच्यापर्यंत पोहोचेतो धावपटू ६० सेंटिमीटरांहून अधिक पुढे गेलेला असतो! म्हणजे चेंडू आधी आला असूनही त्याला तो उशिरा आल्याचा भास होईल.

मग हा दुसरा पंच हवा कशाला? कारण जवळच्या पंचालाही सारे दिसत नाही. क्षेत्ररक्षकाचा पाय बेसवरून सुटला का, चेंडू हातातून निसटला का, हे कधी कधी त्याच्या बाजूने झाकलेले असते. दुसरा पंच बेसच्या रेषेने पुढे येऊन ते पाहू शकतो. शंका असली, की पहिला त्याला विचारतो. चूक मान्य करणे म्हणजे कमीपणा नव्हे. एका जागेवरून सारे दिसत नाही, हे ओळखणे होय.

तुम्हीही हा प्रयोग करा. मित्राला १०० मीटर अंतरावर उभे करून थाळी वाजवायला सांगा. हात थाळीवर आदळताना आधी दिसेल, आवाज सुमारे ०.३ सेकंदाने येईल. मग जवळ जवळ जात पुन्हा पाहा. फरक केव्हा जाणवेनासा होतो?

पुढच्या सामन्यात 'पंचाने फसवले' असे ओरडण्यापूर्वी एवढे विचारा: पंच कोठे उभा होता, आणि आपण कोठे?